पूल जन्मतःच आजारी असेल तर? भोर घाटातला १८६७ चा धडा आणि आपले सेन्सर

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की बहुतेक प्रवासी वडापाव घ्यायला उतरतात. मी लहानपणापासून गाडीच्या शेपटाकडे बघत आले. तिथे बँकर इंजिनं लागतात, मागून रेटा देतात आणि गाडी घाट चढायला लागते. कर्जत सोडल्यावर पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत आपण खंडाळ्याला पोचतो. वाटेत किती पूल आणि किती बोगदे गेले, हे आपण मोजतही नाही. खाली दरी असते आणि आपण मोबाइलमध्ये असतो. आपला त्या दगडांवर विश्वास असतो.

माझा पीएचडीचा विषय या विश्वासाबद्दल आहे. कागदावर तो असा दिसतो: कंपोझिट पदार्थांच्या आत बसवलेले वायरलेस सेन्सर आणि त्यांच्यावरून बांधकामाच्या प्रकृतीवर ठेवायची नजर. इंग्रजीतून आलेलं नाव आहे स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग. आपण 'प्रकृती-निरीक्षण' म्हणू.

तुमच्यातले बरेच जण आत्ता पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय. "विषय कसा सुचला?" हा प्रश्न तुम्ही मला सारखा विचारता. खरं सांगायचं तर विषय मला सहज सुचला होता, पण तो चुकीचा सुचला होता. तो बरोबर व्हायला मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं, तेही माझ्या घराच्या मागच्या घाटात. आज तीच गोष्ट सांगते. लेख मोठा आहे, चहा घेऊन बसा.

घाट चढणारी रेल्वे

आधी थोडा इतिहास. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे जुन्या जीआयपीला, मुंबईहून पुण्याला जायचं होतं आणि मधे सह्याद्री उभा होता. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा सुरू झाला. मधला घाट मात्र बाकी होता. त्यामुळे काही वर्षं प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. आजची कर्जत-खोपोली लोकल त्या काळाची आठवण आहे.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. सुमारे १५ मैलांत गाडीला १,८३१ फूट चढायचं होतं. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट. २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचे कमानींचे उंच पूल. कामावर एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं असायची. १८५९ मध्ये पहिला कंत्राटदार फॅविएल काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट आपल्या नावावर घेतलं आणि दोन अभियंत्यांच्या मदतीनं काम तडीला नेलं. पटकीनं आणि तापानं मेलेल्या मजुरांची नावं मात्र कुठल्याही पाटीवर नाहीत.

शाळेत ही गोष्ट इथेच संपते. आपल्या कामाची गोष्ट इथून सुरू होते.

जुलै १८६७

त्या आठ पुलांपैकी एकाचं नाव जुन्या इंग्रजी कागदांत 'म्हाऊ की मली' असं काहीसं येतं. पन्नास फुटांच्या आठ कमानी असलेला उंच, देखणा, दगडी पूल. मार्ग सुरू होऊन चार वर्षं झाली होती. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला.

भूकंप झाला नव्हता की सुरुंग फुटला नव्हता. पूल रोजच्यासारखाच उभा होता आणि मग नव्हता. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते बांधकामाच्या दर्जावर. त्यानंतर जीआयपीच्या इतर दगडी कामांकडेही लोक संशयानं बघू लागले, तपासण्या झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी काम नव्यानं करावं लागलं.

आता इथे थोडं थांबा, कारण तुमच्या उपयोगाचं इथेच आहे. त्या काळचा उंच दगडी खांब आतून कसा असायचा? बाहेरून घडीव दगडांचे नीट रचलेले थर, आणि आत चुन्यात टाकलेली दगडांची भर. म्हणजे बाहेर एक कातडी आणि आत एक गाभा. दोघांनी मिळून भार घ्यायचा असेल तर दोघं एकमेकांना घट्ट धरून हवेत. त्यासाठी मधूनमधून लांब दगड आडवे घालून कातडी गाभ्यात गुंतवतात. चुना चांगला हवा, तो नीट मुरायला वेळ हवा, भर पोकळ राहता कामा नये. यातलं काही चुकलं तर गाभा हळूहळू बसतो, पावसाचं पाणी आत शिरतं, चुना धुऊन जातो. मग सगळा भार बाहेरच्या पातळ कातडीवर येतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ताशीव दगडाची सुरेख भिंत दिसत राहते.

हे कंपोझिटच आहे

कंपोझिट म्हणजे संमिश्र पदार्थ. दोन वेगळ्या गुणांचे पदार्थ एकत्र करून तिसरंच काहीतरी तयार करायचं. कुडाच्या भिंतीत कारव्या ताण घेतात आणि माती-शेण त्यांना धरून ठेवतं. कर्जतच्या आदिवासी वाड्यांमध्ये अशा भिंती आजही दिसतील. आधुनिक कंपोझिटमध्ये कारवीच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन. तंतूंचे पातळ थर एकावर एक, वेगवेगळ्या दिशांना ठेवायचे आणि रेझिनमध्ये पक्के करायचे. पवनचक्कीची पाती अशी बनतात. बोइंग ७८७ च्या ढाच्याचं वजन घेतलं तर सुमारे ५० टक्के कंपोझिट आहे.

ताकद भरपूर, वजन कमी, गंज नाही. मग अडचण काय? अडचण घाटातल्या पुलाचीच. थर एकमेकांपासून सुटतात. याला डिलॅमिनेशन म्हणतात. विमानाच्या पंखावर दुरुस्ती करताना हातातला पाना पडला, तर वरच्या पृष्ठभागावर जेमतेम खड्डा दिसतो. आत मात्र धक्का खालच्या थरांमध्ये पसरत जातो, आणि जितकं खोल जावं तितकी सुटलेली जागा रुंद होत गेलेली असते. धातूला पोचा पडतो आणि तो दिसतो. कंपोझिटचं दुखणं आत राहतं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये आपण सगळे एकच वाक्य लिहितो: 'डोळ्यांनी केलेली तपासणी पुरेशी नाही.' मीही लिहिलं होतं. वाक्य बरोबर आहे, फक्त ते अर्धं आहे.

हातोडी आणि कान

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले कीमन. रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा, खांद्यावर हातोडी, रुळाच्या किल्ल्या सैल झाल्या असतील तर ठोकून घट्ट करायच्या. पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त वेगळी. हातात कंदील, पिशवीत फटाका सिग्नल. दरड आलेली दिसली तर रुळावर फटाके लावायचे, म्हणजे इंजिनाखाली ते फुटतात आणि चालकाला कळतं. आजोबा सांगतात, "किल्ली घट्ट बसलेली असली ना, की हातोडीचा आवाज सरळ येतो. सैल असली की तो भसाभसा येतो."

हे विज्ञान आहे, आणि आमच्या क्षेत्राचा इतिहास म्हणजे या हातोडीचा आणि या कानाचा इतिहास. विमान कंपन्यांमध्ये कंपोझिटची तपासणी करताना आजही छोट्या हातोडीनं किंवा नाण्यानं टकटक करतात. थर सुटलेला असला की आवाज बद्द येतो. लग्नाच्या बाजारात मडकं वाजवून घेतात, तसंच.

पुढे हातोडीची आणि कानाची जागा यंत्रांनी घेतली. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. हा पिझो परिणाम. उलटंही घडतं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. म्हणजे एकच चकती हातोडीही होते आणि कानही. १९१७ मध्ये होरेस लॅम्ब या गणितज्ञानं पातळ पत्र्यातून लहरी कशा धावतात याचं गणित मांडलं. त्या लॅम्ब लहरी आज आमची मुख्य हत्यारं आहेत. १९३८ च्या सुमाराला अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे चिकटवायचा स्ट्रेन गेज तयार केला, ज्यानं ताण मोजणं सोपं झालं. १९५० मध्ये जर्मनीत योसेफ कैझर यानं पीएचडीच्या प्रबंधात धातूंवर ताण देऊन त्यांचे बारीक आवाज ऐकले. त्याला दिसलं की धातू आधी सोसलेल्या ताणापर्यंत गप्प राहतो आणि त्यापलीकडे गेलं की पुन्हा 'बोलतो'. कंपोझिट आतून दुखावलेलं असेल तर ते आधीच बोलायला लागतं, आणि त्यावरून दुखापतीचा अंदाज बांधतात. १९७८ मध्ये कॅनडात केन हिल यांना प्रकाशतंतूच्या आत कायमची जाळी उमटवता येते हे सापडलं. त्यातून पुढे तंतूच्या आतच ताण मोजणारा सेन्सर तयार झाला.

यातला एक मोठा टप्पा पीएचडीचा प्रबंध होता, हे लक्षात ठेवा. पुढे आणखी एक येणार आहे.

तारा का काढल्या?

पूर्वी पुलावर सेन्सर लावायचे म्हणजे प्रत्येकापासून तार ओढत खोलीपर्यंत आणायची. सेन्सर स्वस्त आणि तार महाग अशी स्थिती. शिवाय तारा उंदीर कुरतडतात, पाऊस सडवतो, आणि भंगारवाले काय करतात ते सांगायला नको. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला स्ट्रेसर आणि किरेमिडजियन यांनी बिनतारी प्रणालीचा सविस्तर आराखडा मांडला. २००६ मध्ये बर्कलीच्या गटानं सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर ६४ बिनतारी नोड बसवून दाखवले. नोड एकमेकांच्या खांद्यावरून निरोप पुढे सरकवत पुलाच्या टोकापर्यंत पोचवायचे.

यात आपल्याकडचं एक काम मला फार आवडतं. आयआयटी कानपूरला कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेल्वे पुलांसाठी 'ब्रायमॉन' नावाची प्रणाली तयार केली. त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हे दोघंही आयआयटी मुंबईत आले. बिनतारी सेन्सरचं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे बॅटरी. सतत जागं राहिलं तर ती थोड्याच दिवसांत संपते. यांनी विचार केला, पुलाचं खरं वागणं कळतं ते गाडी जाताना. मग नोडनी एरवी झोपावं, गाडी येतेय असं कळलं की जागं व्हावं, गाडी जाताना कंपनं मोजावीत आणि जमलेली माहिती पुढे येणाऱ्या गाडीच्या हवाली करावी. पुलाजवळ मोबाइलची रेंज असो वा नसो, गाडी तर येणारच!

बघा, यात नवा सेन्सर शोधलेला नाही. रेल्वे कशी चालते हे नीट पाहिलं आणि त्यावरून प्रश्न मांडला. सिनॉप्सिस लिहिताना ही गोष्ट उशाला घ्या.

माझी फजिती

आता माझी पाळी. मी ठरवलं, सेन्सर पृष्ठभागावर कशाला चिकटवायचा? थरांच्या आतच घालू. जिथे दुखतं तिथेच कान. ऐकायला किती छान वाटतं!

काचेच्या तंतूंचे आठ थर, सगळे मिळून जेमतेम दोन मिलिमीटर जाडी. मधोमध मी अर्धा मिलिमीटर जाडीची पिझो चकती ठेवली. रेझिन, व्हॅक्यूम, सगळं व्यवस्थित. वाकवण्याची चाचणी लावली आणि पॅनेल सुटलं. नेमकं कुठून? चकतीच्या कडेवरून. दोन मिलिमीटरच्या शरीरात अर्ध्या मिलिमीटरचा खडा घातल्यावर दुसरं काय होणार? आजार शोधायला पाठवलेला वैद्यच आजार होऊन बसला.

प्रकाशतंतू बारीक असतो म्हणून तो बरा, असं वाटतं. पण त्याचा व्यास साधारण १२५ मायक्रॉन आणि कार्बन तंतूचा सुमारे ७. भाताच्या काड्यांच्या पेंढीत बांबू खुपसल्यासारखं. आजूबाजूचे तंतू त्याला वळसा घालतात आणि दोन्ही बाजूंना नुसत्या रेझिनचा डोळ्याच्या आकाराचा खिसा तयार होतो. ती जागा कच्ची राहते. तार बाहेर काढायची तर पॅनेलच्या कडेला ती तुटते. बिनतारी करायचं तर काचेच्या तंतूंतून रेडिओ लहरी जातात, पण कार्बनचे तंतू वीजवाहक असल्यामुळे लहरी अडवतात. बॅटरी आत घातली तर बदलणार कशी? म्हणून बाहेरून वेटोळ्यानं वीज पोचवायची, जशी बिनतारी चार्जरवर मोबाइलला पोचते तशी.

दुसरी फजिती जास्त शिकवणारी. जानेवारीत मी धडधाकट पॅनेलच्या लहरी नोंदवून ठेवल्या. मे महिन्यात त्याच पॅनेलवर पुन्हा मोजलं आणि माझ्या प्रोग्रामनं सांगितलं: मोठी इजा. मी खूश! पॅनेल तपासलं तर त्याला काहीच झालं नव्हतं. बदललं होतं ते तापमान. उष्णतेनं रेझिन किंचित मऊ होतं, लहरी हळू धावतात, उशिरा पोचतात. मी उन्हाळा पकडला होता.

ही चूक फक्त माझी नाही, हे नंतर वाचनात आलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अलामोसा कॅनियन पुलाची मूळ कंपनसंख्या चोवीस तासांत सुमारे ५ टक्क्यांनी बदलत होती, फक्त उन्हामुळे. त्याच राज्यात १९९३ मध्ये आय-४० महामार्गाचा एक जुना पूल पाडायच्या आधी संशोधकांनी त्याचा गर्डर मुद्दाम टप्प्याटप्प्यानं कापला. पहिल्या कापांना कंपनसंख्येत लक्षात येण्याजोगी घटच दिसली नाही. शेवटचा मोठा काप दिल्यावर ती दिसली. म्हणजे ऊन दिसतं आणि जखम दिसत नाही, असंही होऊ शकतं. आपल्या घाटात तर मे महिन्यात दगड तापलेला असतो आणि जुलैमध्ये तोच दगड आठवडेच्या आठवडे पाणी पीत असतो.

मग प्रश्नच बदलला

आठ महिने गेले होते. मार्गदर्शक म्हणाले, "तुमचा सेन्सर काय मोजतो ते कळलं. तुम्ही काय विचारताय ते कळलं नाही." त्या रात्री शेवटची कर्जत लोकल पकडून घरी येताना मला खरंच वाटत होतं की हे सोडून द्यावं.

याच काळात १८६७ चा तो पूल माझ्या वाचनात आला, तोही दुसरंच काहीतरी शोधताना. आणि एक खेळ सुचला. समजा, मार्ग खुला झाला त्या दिवशी, १८६३ मध्ये, मी 'म्हाऊ की मली'वर आजचे सर्वोत्तम बिनतारी सेन्सर बसवले असते. पहिल्या दिवशी नोंद घेतली असती: हा निरोगी पूल. मग रोज तुलना. माझ्या प्रणालीनं काय सांगितलं असतं?

आमच्या क्षेत्राची पायाभूत रीत तुलनेची आहे. १९९३ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला अँडर्स रिटर यानं पीएचडीच्या प्रबंधात (हा तो दुसरा प्रबंध) चार पायऱ्या मांडल्या: इजा आहे का, कुठे आहे, किती आहे, आणि अजून किती काळ चालेल. यातली पहिली पायरी आपण सहसा अशी चढतो की कालच्यात आणि आजच्यात फरक आहे का ते बघायचं. पण पूल जन्मतःच आजारी असेल, आतली भर पहिल्या दिवसापासूनच पोकळ असेल, तर माझा सेन्सर त्या आजारालाच 'निरोगी' म्हणून शिकेल. पुढे भर आणखी खचायला लागली की कदाचित धोक्याची घंटा वाजेल, कदाचित उशिरा वाजेल. मुळातला दोष मात्र त्याला कधीच दिसणार नाही, कारण त्याच्या वहीत तो दोष हीच सुरुवात आहे.

हे फक्त जुन्या काळापुरतं नाही. १ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेत मिनियापोलिसला आय-३५डब्ल्यू हा पूल कोसळला आणि १३ माणसं गेली. चौकशीत निघालं की सांध्यांवरच्या काही पोलादी प्लेटा मूळ आराखड्यातच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. चाळीस वर्षं तो पूल त्या दोषासकट उभा होता आणि त्याच्या तपासण्याही होत होत्या. त्या जागी बांधलेल्या नव्या पुलात मात्र बांधतानाच तीनशेच्या वर सेन्सर काँक्रीटमध्ये घातले.

'बांधतानाच' या शब्दाशी मी अडखळले.

तोपर्यंत मी म्हणत होते, सेन्सर आत घालायचा कारण आतून जवळून ऐकू येतं. पण आत घालण्याचं खरं कारण ते नाहीच. बाहेर चिकटवलेला सेन्सर बांधकामाला ते मोठं झाल्यावर भेटतो. आत घातलेला सेन्सर त्याच्या जन्माच्या वेळी हजर असतो. रेझिन कोणत्या कोपऱ्यात आधी पोचलं, कुठे हवा अडकली, पक्कं होताना किती आकसलं, कुठल्या थरात ताण अडकून राहिला, हे सगळं तो पाहू शकतो. प्रकाशतंतूच्या सेन्सरनी हे मोजणं जगात बऱ्याच प्रयोगशाळांत चाललं आहे. माझ्या विषयात बदल झाला तो इतकाच: 'इजा शोधणे' याऐवजी 'जन्माची नोंद घेणे आणि पुढची तुलना त्या नोंदीशी करणे'. कालच्या मापाशी तुलना नाही, तर जे व्हायला हवं होतं त्याच्याशी तुलना. चकती गेली, तिच्या जागी बारीक तंतू आला. चाचण्या कमी झाल्या आणि नोंदवही जाड झाली.

तुमच्यासाठी

यातून तुमच्या कामाचं काय? विषय कुठलाही असो, सिनॉप्सिस देण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारून बघा.

पहिला: मी ज्याला 'नॉर्मल' म्हणतेय ते नॉर्मल आहे हे मला कुणी सांगितलं? दगडी पूल असो, पिकाचं उत्पन्न असो की शाळेतली गळती असो, पहिल्या दिवसाची आकडेवारी निर्दोष असतेच असं नाही.

दुसरा: माझं मोजमाप ऊन पकडतंय की जखम? मोजायच्या गोष्टीपेक्षा आजूबाजूचा बदल मोठा असेल तर आधी तो समजून घ्या. मी आता वर्षभर, चारही ऋतूंत, काहीही न मोडता नुसतं मोजते. ते कंटाळवाणं आहे आणि त्यावर निबंध छापून येत नाही, पण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

तिसरा: माझ्या मोजण्यामुळेच काही बिघडतंय का? माझी चकती विसरू नका.

चौथा: मी उत्तर चुकीचं दिलं तर कुणाचं काय होईल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, महाडला, सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्याच्यासोबत दोन एसटी आणि इतर गाड्याही गेल्या. तो पूल जन्मतः आजारी होता असं मी म्हणत नाही, पुराची गोष्ट वेगळी आहे. पण रायगडातल्या माणसाला तेव्हापासून 'पूल सुरक्षित आहे' हे वाक्य हलकं वाटत नाही. आपल्या प्रबंधातला एक आलेख उद्या त्या वाक्याचा आधार होऊ शकतो.

खालापूर तालुक्यात खोपोलीपासून पलीकडे कुसगावपर्यंत एक्स्प्रेस-वेच्या 'मिसिंग लिंक'चं काम हाती घेतलं गेलं: सुमारे १३ किलोमीटर, दोन बोगदे, दरीवर केबल-स्टेड पूल. १८६३ च्या अभियंत्यांना जी दरी कमानींनी ओलांडावी लागली, तिच्याच शेजारच्या दऱ्या आता केबलवर ओलांडल्या जातायत. या घाटात बांधकामांचा जन्म अजून चालूच आहे. त्यांच्या जन्मनोंदी वाचणारी माणसंही इथलीच असावीत, असं मला फार वाटतं. तुमच्यापैकी कुणी तरी असेल.

मागच्या महिन्यात आजोबांना हे सगळं समजावून सांगत होते. तंतू, लहरी, जन्माची नोंद, बिनतारी वीज. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि पोरी, तुझा तो सेन्सरच आजारी पडला तर? आमच्या वेळी कीमन आजारी पडला की बदली माणूस यायचा."

मी हसले, पण प्रश्न खरा आहे. पिझो चकतीवर थोडी वीज सोडून तिची धारिता तपासली तर चकती फुटलीय की चिकट सुटलाय याचा अंदाज येतो, हे माहीत आहे. रेझिनमध्ये कायमचा गाडलेला तंतू वीस वर्षांनी खरं बोलतोय की नाही, हे कसं ओळखायचं? माझ्या वहीच्या नव्या पानावर सध्या एवढंच लिहिलंय: 'बदली माणूस?' पुढचा लेख बहुतेक त्यावरच असेल.